सकाळची शाळा आणि रात्रीचा मोबाईल

बुलडाणा जिल्ह्यात उन्हाळा तापला की शाळा सकाळची होते, पण नववी-दहावीच्या पोरांची रात्र काही लवकर होत नाही. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा पाझरतं. त्यात स्क्रीनचा निळसर उजेड ते आणखी लांबवतो. मला तर उजेडाहून रील्स घातक वाटतात, त्या संपतच नाहीत! १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका, असं सांगितलं. मोठी पोरं राहिलीच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ चा भोंगा सुरू केला: दीड तास मोबाईल-टीव्ही बंद. आपण निदान चार्जर तरी स्वयंपाकघरात ठेवू. पोरांचा अन् आपलाही.