गाणे सुचवणारे यंत्र गाणे ऐकते का?

इस्लामपूरच्या एस.टी. स्टँडच्या आसपास एकेकाळी कॅसेट भरून देणारी दुकाने होती. कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. यादी संपली तरी साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये चार-पाच मिनिटे उरत. तेवढ्या जागेत दुकानदार आपल्या मनाने एखादे गाणे टाकून देई आणि ते बहुतेक वेळा आवडेच. एकदा मी त्याला विचारले, "तुम्हाला कसे कळते हो?" तो म्हणाला, "तुमच्यासारखी यादी आणणारे लोक हे पण मागतात, म्हणून टाकले." त्याला रागदारी येत नव्हती आणि तालाचेही फारसे ज्ञान नव्हते. त्याच्याजवळ होती ती गिऱ्हाइकांच्या याद्यांची आठवण.

आज मोबाइलवरच्या गाण्याच्या अॅपमध्ये 'तुमच्यासाठी' अशी एक पट्टी दिसते. स्पॉटिफाय ही सेवा २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आली, यूट्यूब म्युझिक त्याच वर्षी मार्चमध्ये. सावन आणि गाना या सेवा त्याआधीच्या. अशा एका सेवेवर दहा कोटींहून अधिक गाणी असतात. रोज शंभर गाणी ऐकली तरी ती संपायला अडीच हजारांहून जास्त वर्षे लागतील. निवडून देणारे कोणीतरी हवेच, आणि ते काम आता यंत्र करते. विद्यार्थ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, मला काय आवडते हे त्याला कसे कळते?" या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर सोडवून दाखवता येते, आणि त्याला आठवीचे गणित पुरते.

निवड करण्याची सगळ्यात जुनी रीत म्हणजे मोजणी. रेडिओ सिलोनवर १९५२ साली अमीन सायानींनी सुरू केलेली 'बिनाका गीतमाला' किंवा आकाशवाणीचा 'आपली आवड', दोन्हींच्या मुळाशी श्रोत्यांची पसंती होती. फर्माइशीच्या पत्रांमुळे झुमरी तलैया हे झारखंडमधले लहानसे गाव साऱ्या देशाला माहीत झाले, कारण तिथले लोक चिकाटीने पोस्टकार्डे टाकत. मोजणीचा दोष इथेच दिसतो. जो जास्त पत्रे टाकील त्याची आवड सर्वांची ठरते आणि सर्वांना एकच गाणे ऐकावे लागते. इस्लामपूरच्या दुकानदाराची रीत याहून वेगळी होती. कोणते गाणे जास्त चालते याच्या पुढे जाऊन 'याच्यासारख्यांमध्ये' कोणते चालते, हे तो पाहत होता.

आता फळ्यावर या. चार विद्यार्थी घेऊ, अ, ब, क आणि ड. गाणी सहा: अभंग, लावणी, पोवाडा, भावगीत, भारूड आणि एक गाजलेले सिनेगीत. कोणाला काय आवडले ते असे:

अ : अभंग, लावणी, पोवाडा, सिनेगीत
ब : अभंग, पोवाडा, भारूड, सिनेगीत
क : भावगीत, सिनेगीत
ड : लावणी, भावगीत, सिनेगीत

'अ'ने भावगीत आणि भारूड ही दोन गाणी ऐकलेली नाहीत. त्याला कोणते सुचवावे? आधी 'अ'चे प्रत्येकाशी साम्य काढू. दोघांची समान गाणी भागिले दोघांची मिळून एकूण वेगवेगळी गाणी. संच शिकवताना आपण छेद आणि संयोग शिकवतो, तेच हे. अ आणि ब यांची समान गाणी तीन, एकूण पाच, म्हणून साम्य ०.६. अ आणि क यांचे समान फक्त सिनेगीत, एकूण पाच, साम्य ०.२. अ आणि ड यांची समान दोन, एकूण पाच, साम्य ०.४. हे सूत्र संगीतासाठी तयार झालेले नाही. स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल जकार आल्प्समधल्या वेगवेगळ्या भागांत सारख्या वनस्पती किती सापडतात हे ताडून पाहत होते. त्यासाठी १९०१ च्या सुमारास त्यांनी ते मांडले. डोंगरांच्या जागी माणसे आणि झाडांच्या जागी गाणी घातली की आपले काम होते.

पुढे प्रत्येक गाण्याला गुण द्यायचे. ज्याने ते ऐकले त्याचे साम्य, तेवढे गुण. भारूड 'ब'ने ऐकले, गुण ०.६. भावगीत 'क' आणि 'ड'ने ऐकले, ०.२ अधिक ०.४, म्हणजे ०.६. बरोबरी झाली! वर्गात इथे वाद होतो आणि तो होऊ द्यावा. जवळच्या एका मित्राचे ऐकावे की लांबच्या दोन ओळखीच्यांचे?

एखादा विद्यार्थी म्हणेल (न म्हटल्यास आपण सुचवावे) की सिनेगीत तर चौघांनीही ऐकले आहे, त्यावरून कोणाची आवड कशी कळणार? अगदी बरोबर. 'सैराट' आला तेव्हा २०१६ साली 'झिंगाट'वर सगळा महाराष्ट्र नाचला. दोघांनाही 'झिंगाट' आवडते एवढ्यावरून त्यांच्या आवडी जुळतात असे म्हणता येत नाही. दोघेही भारूड ऐकत असतील तर मात्र काहीतरी जुळते आहे. म्हणून सिनेगीत हिशेबातून काढू. आता अ–ब साम्य चारांत दोन, ०.५. अ–क शून्य. अ–ड चारांत एक, ०.२५. भारूडाला ०.५ गुण आणि भावगीताला ०.२५. बरोबरी सुटली, 'अ'ला भारूड सुचवायचे. खऱ्या यंत्रात सर्वपरिचित गाणे पूर्ण वगळत नाहीत, त्याचे वजन कमी करतात, पण विचार हाच.

या सगळ्या हिशेबात आपण एकही गाणे ऐकले नाही. भारुडात काय आहे, आवाज कोणाचा, ताल कोणता, यातले काहीच लागले नाही. लागल्या त्या फक्त याद्या.

याला इंग्रजीत कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाळणे. हा शब्द अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९९२ साली वापरात आला. संगीतासाठी ही रीत लवकर वापरली ती एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी माएस यांनी. त्यांच्या १९९४ सालच्या 'रिंगो' या योजनेत लोक कलाकारांना एक ते सात गुण देऊन ई-मेल पाठवत आणि उत्तरादाखल त्यांना नव्या कलाकारांची नावे येत. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले १५ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे त्यानंतर. पुढे गुण मागण्याची गरजही उरली नाही. आपण काय ऐकले, काय मध्येच सोडले, काय पुन्हा लावले याची नोंद आपोआप होते. स्पॉटिफायने जुलै २०१५ मध्ये दर सोमवारी तीस नव्या गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली. लोकांनी स्वतः बनवलेल्या प्लेलिस्टमध्ये कोणती गाणी शेजारी-शेजारी येतात, हा तिचा एक मोठा आधार होता. थोडक्यात, वहीच्या पानावरची ती यादीच.

अर्थात कोट्यवधी श्रोते आणि कोट्यवधी गाणी यांचा तक्ता आपल्यासारखा एकेक चौकोन पाहून सोडवत नाहीत. प्रत्येक गाण्याला आणि प्रत्येक श्रोत्याला काही आकड्यांचा एक पत्ता दिला जातो, नकाशावर अक्षांश-रेखांश असतात तसा. फरक इतकाच की इथे दोन आकड्यांऐवजी पुष्कळ असतात. हे पत्ते असे जुळवतात की ज्याने जे ऐकले ते त्याच्या जवळ यावे. मग जवळपासची न ऐकलेली गाणी सुचवायची.

एक अडचण आपल्या घरांतली. मोबाइल एक आणि ऐकणारे चार. सकाळी आजी अभंग ऐकते, दुपारी धाकटा बालगीते लावतो, रात्री ताई सिनेमाची गाणी. यंत्राच्या लेखी हा एकच श्रोता, त्यामुळे त्याचा पत्ता नकाशावर कुठेतरी मधोमध पडतो, जिथे यांपैकी कोणीच राहत नाही. शक्य असेल तिथे वेगळी खाती ठेवावीत. काही अॅपमध्ये खासगी ऐकण्याची सोय असते, तीही वापरावी.

आता तक्त्यात सातवे गाणे घाला, जे कोणीच ऐकलेले नाही. त्याचे गुण किती? शून्य. कोणत्याही विद्यार्थ्यासाठी आणि कोणत्याही सूत्राने शून्यच. गाणे उत्तम आहे की टाकाऊ याचा इथे संबंध येत नाही. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. थंडीत सकाळी स्कूटरला किका माराव्या लागतात, त्यावरून आलेला हा शब्द.

आपल्या भागात ही अडचण पुस्तकी नाही. इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचे ठाणे. याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव. याच तालुक्यातले वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे गाव. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ आपला फड घेऊन गावोगावच्या जत्रा गाजवत. वगनाट्य, गण-गवळण, सवाल-जवाब यांचा एवढा साठा ज्या मुलखात झाला, तिथल्या मुलाला अॅप मात्र मुंबईत आणि हैदराबादेत ध्वनिमुद्रित झालेली गाणीच पुढे करते. मुलाला तमाशा आवडत नाही, असा निष्कर्ष यावरून काढू नये. जत्रेत रात्रभर बसलेल्या हजारो लोकांनी कुठल्याही तक्त्यात खूण केलेली नव्हती.

एवढ्यावर भागत नाही. कोणी जुनी कॅसेट अॅपवर चढवली तरी ती सापडायला हवी. रोमन लिपीत 'ळ' नाही, त्यामुळे काळू-बाळू तिथे कालू-बालू होतात. पठ्ठेमध्ये टी किती आणि एच किती, बापूरावच्या शेवटी ओ की व्ही, याला नियम नाही. एकाच माणसाच्या चार नोंदी झाल्या की त्याचे श्रोतेही चार ठिकाणी वाटले जातात आणि आधीच थोडे असलेले गुण आणखी पातळ होतात. कवीच्या जागी नुसते 'पारंपरिक' लिहिले असेल तर रेठरे हरणाक्षपर्यंत पोचायचा दुवाच तुटतो. गावांची नावेही बदलतात. इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ साली जाहीर केला. नोंद करताना दोन्ही नावे लिहिलेली बरी, म्हणजे कोणतेही शोधले तरी गाणे मिळेल.

मग यंत्राने गाणे प्रत्यक्ष ऐकावे की! तसेही प्रयत्न झाले. अमेरिकेतल्या पँडोरा या सेवेने संगीत जाणणारी माणसे बसवून एकेका गाण्याची सुमारे साडेचारशे लक्षणे टिपून घेतली. आवाज कसा, वाद्ये कोणती, लय किती, असे. माणसाने ऐकायचे म्हणजे वेळ लागणारच. दुसरा मार्ग ध्वनीच्या आलेखाचा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंप्रता आणि ठिपक्याच्या गडदपणावर तीव्रता असा आलेख काढला की गाण्याचे चित्र तयार होते आणि संगणक चित्रांची तुलना करतो. चालू असलेले गाणे ऐकून त्याचे नाव सांगणारे शाझाम अशाच आलेखातले ठळक ठिपके जुळवते. मात्र ते गाणे ओळखते, सुचवत नाही. ध्वनीवरून सुचवण्याचा फायदा असा की श्रोता नसलेल्या गाण्यालाही पत्ता मिळतो. पण लावणीत ढोलकीची लय मध्येच चढते, तिचा वेग एका आकड्यात सांगायचा कसा? जुन्या कॅसेटची खरखर गाण्याचा भाग की दोष, हेही यंत्राला कोणीतरी शिकवावे लागते. ही पद्धत पुरवणी म्हणून ठीक. माझ्या मते मुख्य भार अजून याद्यांवरच आहे.

आधी कोणी ऐकले याला किती महत्त्व असते, यावर सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी केलेला एक सुंदर प्रयोग २००६ साली 'सायन्स'मध्ये छापून आला. त्यांनी अपरिचित गायक-वादकांची ४८ गाणी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' विभागले होते आणि आपल्या जगात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, तो आकडाही त्यांना दिसे. गाणी तीच, पण आठ जगांत आठ वेगवेगळे निकाल लागले. एकच गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्यात चाळिसावे. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचे भवितव्य पहिल्या थोड्या श्रोत्यांनी ठरवले.

याला पैशाचीही बाजू आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय गाणे 'ऐकले' असे धरत नाहीत, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत हजारदा ऐकले न गेलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. फडावर पोट असलेल्या कलावंताला हा आकडा लहान नाही.

वर्गात हे करून पाहा. मुलांना घरच्या मोठ्यांकडून एकेक गाणे विचारून आणायला सांगा, जे त्यांनी जत्रेत, भजनात किंवा दळताना ऐकले होते. अॅपमध्ये ते देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहून शोधू द्या. सापडले तर कोणत्या नावाने, नोंदीत कवी, फड आणि गाव आहे का, हे वहीत उतरवू द्या. सापडलेल्या गाण्यावरूनच 'यासारखी गाणी' मागितली तर काय येते तेही पाहा, कारण 'तुमच्यासाठी'च्या पट्टीपेक्षा तिथे वेगळा माल निघतो. मग वर्गाचा तक्ता मांडा.

आणि आपल्या जुन्या तक्त्यातले सातवे गाणे समजा 'ब'ने ऐकले. अ–ब साम्य आता पाचांत दोन, म्हणजे ०.४ होते. 'अ'साठी भारूड ०.४, सातवे गाणेही ०.४ आणि भावगीत ०.२५. एका श्रोत्याने ते तळातून वर आले. तेच गाणे 'ब'ऐवजी एकट्या 'क'ने ऐकले असते तर 'अ'ला ते सुचवले गेले असते का? आणि 'ड'ला? हे गणित मुलांनाच सोडवू द्या.