नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उजवीकडून वाचली तरी तीच राहते. १११११११११ या नऊ एकांनी बनलेल्या संख्येचा हा वर्ग होय. गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या कुळातील संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. देवळाली येथे शाळेत अध्यापन करीत त्यांनी संख्यांची आजन्म उपासना केली. या संख्यांचा विचार त्यांना मुंबईजवळच्या ज्या रेल्वे स्थानकावर सुचला, त्याच्या जुन्या नावावरून हे नामकरण झाले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली.

या संख्येतील मधला ९ वगळून दोन्ही बाजूंची बेरीज करावी : १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मधल्या अंकाचीच पुनरावृत्ती! १२३२१ मध्येही १२ + २१ = ३३, आणि मधोमध ३.

याचे कारण साध्या गुणाकारात आहे. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना एकेक घर सरकत नऊ ओळी मांडाव्या लागतात. पहिल्या स्तंभात एक ‘एक’, दुसऱ्यात दोन, असे चढत मधल्या स्तंभात नऊ येतात आणि मग उतार लागतो. कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊपलीकडे जात नाही. म्हणून हातचा येत नाही आणि चढ-उतार अभंग राहतो. चढत्या बाजूचा १ उतरत्या बाजूच्या ८ खाली, २ हा ७ खाली येतो. प्रत्येक जोडीची बेरीज नऊच.

मग दहा एक घेतले तर? मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते. सममिती भंगली. येथे पुष्कळांचे कुतूहल संपते. परंतु गणिताची खरी गोडी येथूनच सुरू होते. या वर्गाचे उजवीकडचे दहा अंक वेगळे काढून बेरीज करावी : १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. मूळ संख्याच परत आली! ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन भाग करून बेरीज केल्यास तीच संख्या मिळते, तिला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५, हे तिचे लहान उदाहरण.

याचीही उपपत्ती सोपी आहे. दहा एकांच्या संख्येला ‘न’ म्हणू. तिला ९ ने भागल्यास भागाकार क = १२३४५६७९० व बाकी १ उरते; म्हणजे न = ९क + १. दोन्ही बाजूंना ‘न’ने गुणल्यास न चा वर्ग = ९न × क + न. परंतु ९न म्हणजे दहा नवांची संख्या, अर्थात एकावर दहा शून्ये वजा एक. म्हणून वर्गाचा डावा भाग क व उजवा भाग न – क. दोहोंची बेरीज न.

एक आकृतिबंध जेथे तुटला, तेथेच दुसरा हाती लागला. तो का तुटला, हे विचारणाऱ्यालाच तो दिसतो. जिज्ञासू वाचकांनी हीच रीत एकोणीस एकांच्या संख्येला लावून पाहावी. कागद, पेन्सिल आणि थोडी चिकाटी एवढेच साहित्य पुरेसे आहे.