तारेचा वेढा आणि सुंभाची ओढ

नळीवर तार गुंडाळून घट्ट आवळायची, तर बहुतेक हात पक्कडीकडे जातात. दोन टोके एकत्र धरून पीळ दिला की काम झाल्यासारखे वाटते. पण पिळात एक दोष आहे. सगळा ताण पिळाच्या पहिल्या वळणावर येतो आणि नळी पुरेशी आवळली जाण्याआधीच तार तिथे तुटते. शिवाय पीळ असतो त्या बाजूला नळी चिमटली जाते आणि उरलेल्या घेरावर तार सैल राहते. तार आवळण्याचे हत्यार ओढणे आणि अडकवणे ही दोन कामे वेगळी करते. आधी ते तार सरळ ओढते आणि तो ताण हातून सुटू न देता टोके दुमडून अडकवते. आट्यांचा एक रॉड, एक नट आणि लोखंडी पट्टीचा तुकडा एवढ्या सामानात ते घरच्या व्हाइसवर बनवता येते.

ओमानमध्ये अशा हत्याराला काम भरपूर आहे. देशाचा किनारा तीन हजार किलोमीटरहून लांब आहे. मासेमारीच्या फायबरच्या होड्यांवर पाण्याच्या आणि इंधनाच्या नळ्या असतात, बातिना किनारपट्टीवरच्या खजूरबागांत पंपांचे पाइप असतात, आणि समुद्रतळाशी सोडायचे घुमटाच्या आकाराचे सापळे, म्हणजे गरगूर, तर तारेचेच विणलेले असतात. हवामान मात्र नळ्यांच्या मुळावर उठलेले. जून २०१८ मध्ये मस्कतच्या दक्षिणेला असलेल्या कुरियातमध्ये चोवीस तासांत तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरलेच नाही. अशा उष्णतेत रबर कडक होते आणि त्याला चिरा पडतात. पट्टी आणि स्क्रूची जी नेहमीची क्लिप नळीवर लावतात, ती ब्रिटिश नौदलात काम केलेल्या लमली रॉबिन्सन यांनी १९२१ मध्ये आणली. ती आजही उत्तम आहे. पण स्वस्त क्लिपांमध्ये पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या पोलादाचा असतो. पट्टीच्या खाचांत मिठाचे पाणी साचते, स्क्रू गंजून जाम होतो आणि मग क्लिप सोडवायला करवतच घ्यावी लागते. शिवाय हव्या त्या मापाची क्लिप नेमकी जवळ नसते. तारेचे एक वेटोळे मात्र कोणत्याही मापाला पुरते.

ताण धरून ठेवायचा आणि मगच बांधायचे, ही युक्ती ओमानच्या किनाऱ्याला तारेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. इथली जुनी जहाजे खिळ्यांनी जोडलेली नव्हती, ती शिवलेली होती. फळ्यांच्या कडांना भोके पाडायची, सांध्यावर काथ्याची भर ठेवायची आणि सुंभाच्या दोरीने टाका घालायचा. दोरी दांड्याच्या तरफेने ओढायची आणि ओढलेली दोरी मागे सरकू नये म्हणून त्याच भोकात लाकडी खुंटी ठोकायची. पुढचा टाका आवळला गेला की खुंटी काढून घ्यायची. १९८० मध्ये प्रवासी लेखक टिम सेव्हरिन यांच्या पुढाकाराने सूर येथे बांधलेल्या ‘सोहार’ जहाजाला सुमारे ६४० किलोमीटर सुंभ लागले. ते जहाज त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला मस्कतहून निघाले आणि जुलै १९८१ मध्ये चीनमधील कँटनला पोहोचले. पुढे मस्कतजवळच्या कंताब किनाऱ्यावर ‘ज्वेल ऑफ मस्कत’ याच पद्धतीने शिवले गेले. ते फेब्रुवारी २०१० मध्ये निघून जुलैमध्ये सिंगापूरला लागले. मराठी वाचकाला त्याहून जवळचे उदाहरण ‘कौंडिण्य’ जहाजाचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून ते गोव्यात शिवले, मे २०२५ मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघाले. या जहाजांवर तरफ आणि खुंटी जे काम करतात, ते तारेच्या हत्यारात आटे करतात. आट्यांवर फिरवलेला नट आपोआप मागे सरकत नाही. तरफही तोच आणि खुंटीही तोच.

हत्यार करण्याआधी बांधणी नीट समजून घेतलेली बरी. तार मधोमध दुमडली की एका टोकाला केसांच्या आकड्यासारखी वाक तयार होते. ही वाक नळीवर ठेवून दोन्ही पदर एकत्र नळीभोवती दोनदा फिरवायचे आणि वाकेच्या डोळ्यातून खालून वर काढायचे. आता वाक एका दिशेने आणि टोके दुसऱ्या दिशेने ओढली गेली की वेढा आवळत जातो. शेवटी टोके वाकेवरून उलटी फिरवली की दोन आकडे एकमेकांत अडकावेत तशी ती अडकून बसतात. दुमडलेल्या टोकांवर फार भार येत नाही, कारण बराचसा ताण नळी आणि तार यांच्यातील घर्षणच पेलते. घर्षणाचा जोर वेढ्यांच्या संख्येबरोबर गुणाकाराने वाढतो. एका वेढ्याने ताण साडेतीन पटींनी कमी होत असेल, तर दोन वेढ्यांनी तो सुमारे बारा पटींनी कमी होतो. खांबाला दोराचे दोन वेढे दिले की एक माणूस होडी थोपवून धरतो, त्यामागचे कारण हेच.

हत्यारासाठी ८ मिलिमीटर जाडीचा, सुमारे १२५ मिलिमीटर लांबीचा आट्यांचा रॉड घ्यावा. त्याचे एक टोक १५ मिलिमीटरपर्यंत कानशीने चपटे करायचे, ५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड, स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखे. हे हत्याराचे नाक. नाकाच्या शेंड्यावर तिकोनी कानशीने रुंदीच्या दिशेने मिलिमीटरभर खोल खाच पाडायची, म्हणजे तारेची वाक तिच्यात बसेल आणि घसरणार नाही. सगळ्या कामात जपून करावी अशी गोष्ट ही खाचच. ती उथळ राहिली तर नाक ऐन ताणात सटकते, आणि तिच्या कडा धारदार राहिल्या तर तार तिथेच कापली जाते. खाच झाल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून कडा मोडाव्यात.

यानंतर ६० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घ्यावी. मधोमध साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडावे. दोन्ही टोकांजवळ ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी एकेक भोक पाडून त्यात वॉशरसह बोल्ट बसवावेत. तारेची टोके यांच्यावर गुंडाळून आवळायची. रॉडवर नाकाच्या बाजूने आधी पट्टी सरकवायची आणि तिच्यापुढे नट चढवायचा. नट नाकापासून दूर फिरवला की तो पट्टीला मागे ढकलतो आणि तार ओढली जाते. हाताने फिरवायचा पंखांचा नट इथे सोयीचा वाटतो, पण त्याचे पंख दोन्ही बाजूंच्या तारांना अडतात. साधा षटकोनी नट बरा. १३ नंबरचा पान्हा वरून घालून तो थोडा थोडा फिरवता येतो. नट आणि पट्टीच्या मध्ये एक वॉशर आणि बोटभर ग्रीस असावे. वेल्डिंगची कुठेच गरज नाही, आणि घरच्या हत्याराला ही मोठी सोय आहे.

२५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या नळीला दुहेरी पदराचे दोन वेढे द्यायला, टोकांसह, सुमारे अर्धा मीटर तार लागते. वेढे एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी बसवावेत. नाक वाकेच्या डोळ्यात, दोन पदरांच्या मधून टेकवावे आणि एकेक टोक आपापल्या बाजूच्या बोल्टवर आवळावे. दोन्ही पदर सारखे ताठ हवेत. नट फिरवताना पट्टी तिरकी होऊ लागली, तर एक पदर सैल आहे किंवा बोल्टखालून सरकतो आहे असे समजावे. तेव्हा थांबून ते दुरुस्त करावे. तार रबरात किंचित रुतली आणि वेढा नखाने हलेनासा झाला की ताण पुरे झाला. मग नाक जागेवर ठेवून अख्खे हत्यार वाकेवरून पलीकडे उलथवायचे. टोके दुमडली जातात. नट सैल करून हत्यार काढावे, पाचेक मिलिमीटर ठेवून टोके कापावीत आणि लाकडी ठोकळ्याने दाबून बसवावीत. उघडे टोक बोट फाडते आणि शेजारची नळीही.

नट किती फिरवायचा हे हाताने शिकावे लागते. एक मिलिमीटरची मऊ स्टेनलेस तार साधारण ४५ ते ५० किलोच्या भाराला तुटते, आणि ८ मिलिमीटरच्या आट्यांमधून तेवढा जोर मनगटाच्या साध्या झटक्याने निघतो. म्हणून पहिले पाच-सहा वेढे टाकाऊ पाइपवर मुद्दाम तुटेपर्यंत आवळून पाहावेत. तुटलेली तार उसळते, त्यामुळे चष्मा हवाच. तार मऊच घ्यावी, कारण कडक तार दुमडताना तडकते. घरातल्या कामाला जस्त चढवलेली जीआय तार चालते. समुद्रावर मात्र तिचे जस्त लवकर संपते. तिथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस घ्यावे. त्यातील मॉलिब्डेनममुळे मिठाने पडणारे बारीक खड्डे कमी पडतात. बांधकामावरची काळी बाइंडिंग तार मिठाच्या हवेत थोडक्या दिवसांत लाल होते.

पाण्याची नळी, फाटलेल्या पाइपवरचा रबरी तुकडा, चिरलेला कुदळीचा दांडा, गरगूरचा उसवलेला सांधा, एवढ्या कामांना हा वेढा विश्वासाने वापरावा. स्वयंपाकाच्या गॅसची नळी, ब्रेकची नळी किंवा माणसाचे वजन पेलणारा दोर यांना तो लावू नये. इंधनाच्या नळीवर तो बंदर गाठेपर्यंतचा तात्पुरता उपाय समजावा आणि किनाऱ्यावर येताच योग्य क्लिप बसवावी. वेढा पुन्हा सैल करता येत नाही. काढायचा झाला की वाकेजवळ पक्कडीने तोडायचा आणि तारेचा नवा तुकडा घ्यायचा.