चमच्यातला पांढरा साका

लंडनच्या गाय्स हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट हा डॉक्टर अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत असे. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळे. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळत. १८२७ साली त्याने हे प्रसिद्ध केले. साकळणारा पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन, रक्तद्रवातले सर्वांत विपुल प्रथिन. ब्राइटच्या पुढच्या नोंदींतली एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते: यांतल्या अनेकांची हृदयेही वाढलेली होती. मूत्रपिंड आणि हृदय यांचे हे साटेलोटे उलगडायला दीडशे वर्षे लागली.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. केशवाहिन्यांच्या गुच्छांची ही गाळणी अल्ब्युमिनला अडवते; थोडे निसटलेच तर पुढच्या नलिका ते बहुतेक परत शोषून घेतात. म्हणून निरोगी माणसाच्या लघवीत ते जेमतेम सापडते, आणि चमच्याला तर दिसतच नाही. ही सूक्ष्म गळती मोजण्याची रीत १९६३ मध्ये हॅरी कीन यांनी मांडली. तीही, योगायोगाने, गाय्समध्येच.

मग चित्र पालटले. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी दाखवले की, उतारवयातल्या ज्या मधुमेहींच्या लघवीत असे थोडेसे अल्ब्युमिन जाते, ते इतरांपेक्षा लवकर मरतात. आणि या रुग्णांना मुख्य धोका मूत्रपिंडापेक्षा हृदयविकाराचाच असतो. लघवीतल्या प्रथिनाचा हृदयाशी काय संबंध? १९८९ मध्ये कोपनहेगनजवळच्या स्टेनो रुग्णालयातल्या डेकर्ट आणि सहकाऱ्यांनी एक गृहीतक मांडले: रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सगळ्या शरीरभर खराब होत असते, मूत्रपिंडात ते फक्त बाहेरून मोजता येते. घराच्या सगळ्याच नळांना गंज चढावा आणि ओल मात्र एकाच भिंतीवर दिसावी, तसे. सगळा उलगडा यातून होत नाही, पण मला हे पटते; कारण पुढे नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनमध्ये सर्वसामान्य नागरिकांतही हाच संबंध आढळला.

आपल्याकडे मधुमेहींच्या फायली मी कुतूहलाने चाळतो. क्रिएटिनिन प्रत्येकीत असते, लघवीतले अल्ब्युमिन क्वचित. क्रिएटिनिन बरेचदा मूत्रपिंडाची निम्मी क्षमता गेल्यावरच वाढू लागते. अल्ब्युमिन पुष्कळ आधी बोलते. साध्या पट्टीच्या चाचणीला मात्र ही थोडी गळती बहुधा कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागावे लागते: सकाळची पहिली लघवी, एक छोटी बाटली, बस. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन ठीक. ३० ते ३०० ही सावध होण्याची पातळी, त्यापुढे गंभीर. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही आकडा चढतो. त्यामुळे एका अहवालावर घाबरायचे नाही. तीन महिन्यांच्या काळात पुन्हा तपासून तीनपैकी दोनदा वाढलेला आला, तरच तो खरा धरतात. रक्तदाबाची काही औषधे गाळणीवरचा दाब उतरवून ही गळती कमी करतात, आणि ती द्यायची की नाही हे ठरवताना हा आकडाही पाहिला जातो.