फ्यूज उडाला नाही, मग जीव कसा गेला?

पावसाळ्यात शॉक लागलेले रुग्ण आमच्या अपघात विभागात येतातच. मागे अशाच एका बाईंना आणले होते. अंगणातल्या लोखंडी तारेवर कपडे वाळत घालताना शॉक बसला. त्या तारेला घरातली सोललेली वायर टेकली होती. तळहातावर तुरीच्या दाण्याएवढा डाग, बाकी अंगावर खूण नाही. हृदय मात्र बंद पडले होते. आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही. त्यांच्या दिराने विचारले, "डॉक्टर, फ्यूज उडाला नाही, घरातले दिवेही चालूच होते. मग वहिनी कशा गेल्या?"

उत्तर शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे. व्होल्टेजला विद्युतप्रवाहाने भागले की रोध मिळतो. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती, म्हणजे वॅट. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. गीझर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम आणि शक्ती सुमारे २००० वॅट.

आता हेच गणित शरीराला लावू. कोरड्या, जाड त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. २३० भागिले एक लाख, म्हणजे जेमतेम २.३ मिलिअँपिअर. नुसत्या मुंग्या येतात. पण ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. मग प्रवाह होतो २३० मिलिअँपिअर, म्हणजे शंभरपट! साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात, पकडलेली वायर सुटत नाही. ५० च्या पुढचा प्रवाह छातीतून वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते. रक्त पुढे ढकलले जात नाही.

२३० मिलिअँपिअर म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. साठ वॅटचा जुना पिवळा बल्बही यापेक्षा थोडा जास्त प्रवाह घेतो. गीझरचा एमसीबी १६ अँपिअरचा असतो. त्याच्या लेखी माणूस म्हणजे आणखी एक बल्ब. तो कशाला पडेल? फ्यूज आणि एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात, माणसासाठी नव्हेत.

माणसासाठी असतो आरसीसीबी. गेलेला प्रवाह तेवढाच परत आला का, हे तो सतत पाहतो. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की क्षणार्धात वीज तोडतो. घराच्या बोर्डावर तो आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या आणि त्याचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून बघा. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरल्यास तोही फसतो. अर्थिंग हवेच. कपड्यांसाठी लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा. आणि हात कोरडे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. प्रवाह वाहू लागला की त्वचेचा रोध झपाट्याने घटतो.

कुणी चिकटलेले दिसले तर आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. माणसाला हात लावू नका. वीज तुटल्यावर तो श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब देत राहा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

त्या बाईंच्या घरी आता आरसीसीबी बसला आहे. तुमच्या घरी तो आधीच बसू दे.