घरचा स्टुडिओ (९) : ठेका मशीनचा, लय कुणाची?

गेल्या आठवड्यात आपण ड्रम मशीनचा आवाज ऑडिओ इंटरफेसपर्यंत आणला. आता मशीनवर टेम्पो १२०, सॉफ्टवेअरमध्येही १२०. दोन्हींची बटणं एकदम दाबली की पहिल्या काही मात्रा झकास जातात. गाणं संपता संपता मात्र ठोका एकीकडे आणि पडद्यावरची रेघ दुसरीकडे. बिघाड कशातच नाही. दोन मनगटी घड्याळं जुळवून ठेवली, तरी महिन्याभराने त्यांत अंतर पडतंच. इथेही दोन यंत्रांत दोन वेगळी घड्याळं आहेत.

उपाय एकच : एकाने लय द्यायची, दुसऱ्याने ती मुकाट्याने घ्यायची. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणारा लय सांभाळतो, तसंच.

ही सोय मिडीच्याही आधीची. रोलँडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ला ‘डिन सिंक’ नावाचं पाच पिनांचं सॉकेट होतं. त्यातून दर बीटला २४ विद्युत-ठोके बाहेर पडत आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र त्यांवर चालू शकत असे. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवलं, ते याच जोडीच्या साथीने. पण तेव्हा प्रत्येक कंपनीची भाषा निराळी : कॉर्गचे ४८ ठोके, ओबरहाइमच्या डीएमएक्सचे ९६. १९८३मध्ये मिडी आलं आणि २४ हा आकडा सर्वांचा झाला. एक सावधगिरी : डिन सिंक आणि मिडी यांची सॉकेटं दिसायला सारखी, पण त्यांतून जाणारे संकेत वेगळे. जुनं ८०८ मिळालंच, तर मध्ये कन्व्हर्टर लागेल.

आता या २४ ठोक्यांचा स्वभाव पाहू. १२० टेम्पोला सेकंदाला ४८ ठोके, म्हणजे दर २०.८ मिलिसेकंदांनी एक. गंमत अशी की कोणत्याच ठोक्यावर क्रमांक नसतो. ही नुसती टिकटिक. किती वाजले ते ती सांगत नाही. सम कुठे, हे मशीनला कळतं ते वेगळ्या ‘स्टार्ट’ संदेशाने. म्हणून सॉफ्टवेअर आधीच चालू असताना मागाहून केबल जोडली, तर मशीन अगदी लयीत, पण भलत्याच मात्रेवरून वाजू शकतं. गाण्याच्या मधूनच सुरुवात करायची असेल, तर ‘साँग पोझिशन’ नावाचा आणखी एक संदेश जागा सांगतो. पण सगळी मशीनं तो मानत नाहीत. तेव्हा सुरुवातीपासूनच वाजवा आणि पहिला एक बार रिकामा सोडा. मशीनला लय पकडायला तेवढा वेळ पुरतो.

जोडणी सोपी आहे. सॉफ्टवेअरच्या मिडी सेटिंगमध्ये मशीनच्या आउटपुटला ‘सिंक’ किंवा ‘क्लॉक’ चालू करा. मशीनचं क्लॉक ‘इंटर्नल’वरून ‘यूएसबी’ किंवा ‘मिडी’वर न्या. मशीन स्वतःचा पॅटर्न वाजवत असेल, तर सॉफ्टवेअरमधून त्याला स्वर-संदेश पाठवू नका. नाहीतर एकाच ठोक्यावर दोन थापा ऐकू येतील.

इतकं करूनही रेकॉर्ड झालेला ठोका रेघेच्या थोडा मागे दिसतो. घाबरू नका. आवाजालाही एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात; मशीनला तर संदेश घेऊन, आवाज तयार करून तो परत पाठवायचा असतो. इथे पाहायचं ते हे : उशीर किती, यापेक्षा तो दर वेळी तितकाच आहे का? ठरावीक उशीर हे ठरलेल्या हप्त्याचं कर्ज आहे, ते फेडता येतं. ठोका दर वेळी ८ मिलिसेकंद मागे पडत असेल, तर क्लॉक-डिलेच्या रकान्यात उणे ८ भरा. सॉफ्टवेअर टिकटिक तेवढी आधी पाठवेल.

खरा त्रास डळमळीचा. एक ठोका ३ मिलिसेकंद मागे, पुढचा ९, त्यापुढचा ५. संगणक एकाच वेळी शंभर कामांत गुंतलेला असतो, त्यामुळे टिकटिक पाठवताना त्याचं लक्ष पुढेमागे होतं. अशा डळमळीला कोणताही एक आकडा पुरत नाही. मशीन यूएसबी हबऐवजी थेट संगणकाला जोडा, नको असलेले प्रोग्राम बंद करा. तरी भागलं नाही, तर ईआरएमच्या मल्टिक्लॉकसारखं उपकरण येतं. ते टिकटिक मिडीऐवजी ऑडिओच्या ट्रॅकवरून घेतं. ऑडिओचा प्रत्येक नमुना साउंडकार्डच्या घड्याळावर नेमका बसलेला असतो, त्यामुळे डळमळ जवळजवळ उरत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ : मशीनवर फक्त रिमशॉट ठेवा, दर बीटला एक. १६ बार रेकॉर्ड करा आणि पडद्यावर मोठं करून प्रत्येक ठोक्याचं रेघेपासूनचं अंतर वहीत लिहा. आकडे एकसारखे आले, तर उणे चिन्ह लावून रकान्यात भरा आणि निश्चिंत व्हा. विस्कटलेले आले, तर रकान्याला हात न लावता आधी केबल आणि हब तपासा.

पुढच्या आठवड्यात किक, स्नेअर आणि हायहॅट वेगवेगळ्या ट्रॅकवर कसे घ्यायचे ते पाहू. वही जपून ठेवा, लागेल.