अर्क आणि औषध

कॅनडातील टोरोंटो शहरच्या एका रुग्णालयात १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मधुमेहाने अंथरुणास खिळला होता. त्या काळी अशा मुलांना उपासाखेरीज दुसरा उपाय नसे. मुले अस्थिपंजर होत आणि मरण तेवढे थोडे लांबे. ११ जानेवारीस लिओनार्डला जनावराच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. पण तो पुरेसा शुद्ध नसल्याने गुण फारसा आला नाही, उलट टोचल्या जागी गळू झाले. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध करण्याची रीत शोधून काढली. २३ जानेवारीस तो पुन्हा दिला, तेव्हा मुलाच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरली. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली ज्याच्या शोधास आरंभ केला, ते इन्शुलिन हेच. लिओनार्ड पुढे तेरा वर्षे जगला.

आज मधुमेहाच्या संदर्भात आणखी एका अर्काचा अभ्यास चालू आहे. तो आहे बदाम, अक्रोड, काजू आणि भुईमूग यांच्या दाण्यांचा. (भुईमूग हा खरे पाहता तूर-हरभऱ्याचा भाऊबंद, पण खाताना त्याला बदामाच्या पंक्तीस बसवतात.)

भात-भाकरीतील पिष्टाची तोंडात आणि आतड्यात पाचकरसांमुळे साखर होते व ती रक्तात उतरते. रक्तातून ती पेशींत शिरावी म्हणून इन्शुलिन लागते. मधुमेहात ते शरीरात तयार होत नाही, किंवा झालेले पुरे पडत नाही. बदामाची तांबूस साल चावून पाहिली, तर ती तुरट लागते. ही तुरटी ज्या द्रव्यांची, ती पाचकरसांना आवर घालतात. परीक्षानळीत पिष्ट आणि पाचकरस एकत्र करून त्यांत असा अर्क मिसळला, की साखर सावकाश तयार होते. सूक्ष्म जंतूंपासून मिळणारे अकार्बोज नावाचे औषध याच तत्त्वावर चालते.

परंतु परीक्षानळी म्हणजे माणसाचे पोट नव्हे. पोटात अर्काबरोबर अन्न असते, इतर रस असतात. शिवाय मात्रा किती आणि ती निर्धोक कोणती, हे माणसांवर पारखावे लागते. अर्काची ही पारख पुरी झालेली नाही. दाण्यांची मात्र काहीशी झाली आहे. टोरोंटोच्याच डेव्हिड जेंकिन्स यांनी २०११ साली ११७ प्रौढ मधुमेही रुग्णांवरील तीन महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णांच्या गोळ्या चालूच होत्या. त्यांपैकी एका गटाला पिष्टमय खाण्याच्या जागी रोज सुमारे ७५ ग्रॅम बदाम, अक्रोड, काजू, शेंगदाणे इत्यादी मिश्र दाणे दिले. त्या गटाच्या रक्तातील साखरेचे मान थोडे उतरले. थोडेच, पण उतरले. दाण्यांतील स्निग्धांश, प्रथिने आणि चोथा यांनी पचन मंदावते. आणि पिष्टच कमी खाल्ले, तर साखरही कमी होणार!

लिओनार्डला जडलेल्या प्रकारात शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ बनवीतच नाही. साखर सावकाश आली, तरी ती पेशींत नेणारे कोणी नसते. अशा मुलाने वैद्यांच्या सल्ल्याने दाणे खाण्यास हरकत नाही, मात्र ते त्याला सोसत असले पाहिजेत. कारण काहींना एका शेंगदाण्यानेही जीवघेणा त्रास होतो. इन्शुलिन त्याला रोज घ्यावेच लागते.